शेगडीजवळचा बिछाना

हे कोणी खरं मानणार नाही. मानू नये असं मी स्वतःच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा वाद वाचतो. सबंध आयुष्य मी सुपीरियर सरोवराच्या काठाने विमा विकत हिंडलो. दारात उभा राहिलेला हा माणूस आपल्याला फसवायलाच आला आहे, असा चेहरा करून लोक माझ्याकडे बघत आणि तरीही सही करत. तेव्हा अविश्वासाचं मला नवल नाही. गेल्या रविवारी जेवणाच्या टेबलावर मी हे जसं सांगितलं तसंच इथे उतरवतो आहे. टेबलाशी माझी बायको लेम्पी होती, तिचा भाऊ रेनो होता आणि शेजारच्या ट्रेझोनाबाई होत्या. ट्रेझोनाबाईंना कोणी बोलावलं नव्हतं. पण आमच्याकडे काही शिजलं की त्यांना साखर संपल्याची आठवण होते. त्या दिवशी तित्तर शिजलं होतं. ते मी आणलं होतं, आणि सगळी भानगड त्या तित्तराचीच.

भानगडीचं मूळ मात्र रेनो. त्याचा रानात कॅम्प आहे. कॅम्प म्हणजे ओंडक्यांची एक खोली, मधोमध लाकडाची शेगडी, भिंतीला वरखाली ठोकलेले फळ्यांचे बिछाने आणि बाहेर वाफ घ्यायची खोली, सौना. नोव्हेंबरात हरणांचा मोसम उघडला की आम्ही सगळे तिथे मुक्कामाला जातो. हरणं कधी येतात, कधी येत नाहीत. आम्ही न चुकता जातो. शेगडीजवळचा खालचा बिछाना माझा. तो मला माझ्या सासऱ्यांनी, थोरल्या रिन्तालांनी, दिला होता. लग्नात त्यांनी एवढंच दिलं, आणि एक मुलगी.

तर ऑगस्टात आम्ही सौनात घाम काढत बसलो असताना रेनो म्हणाला, "भावोजी, यंदा तुम्ही घरीच थांबा. गेल्या वर्षी तुमची बंदूक दोघांनी वाहिली आणि तिसऱ्याने तुम्हाला. आम्ही तुम्हाला मानद सदस्य करायचं ठरवलंय."

मानद! ज्याची खुर्ची आधीच दुसऱ्याला देऊन झालेली असते त्या माणसासाठी आमच्या कचेरीत हा शब्द राखून ठेवलेला असे.

"आणि माझा बिछाना?" मी विचारलं.

"तो माझ्या जावयाला. त्याला सर्दी लवकर होते."

अंगावर चिंधी नसताना माणसाला स्वाभिमानाने उभं राहणं फार कठीण. तरी मी राहिलो. बोलाचाली झाली. शेवटी रेनोने अट घातली: मोसमाआधी मी एकट्याने दलदलीपलीकडच्या रानात जायचं, कोणाचीही मदत न घेता आपल्या हाताने एक तित्तर मारून आणायचं. "आणलंत तर बिछाना तुमचा," तो म्हणाला, "मरेपर्यंत."

मरेपर्यंत हा शब्द त्याचा, माझा नव्हे. विमेवाला असले शब्द कधी मोकळे सोडत नाही.

माझी हरणाची बंदूक म्हणजे रेल्वेचा रूळ. तित्तराला ती मारली असती तर शिजवायला फक्त पिसं उरली असती. तेव्हा हवी होती बावीसची हलकी रायफल, करंगळीच्या नखाएवढी गोळी घेणारी, दोन तुकडे होऊन पाठीवरच्या पिशवीत मावणारी. एवढी साधी वस्तू. पण आमच्या गावात माणूस बंदूक घ्यायला निघाला की उपवर मुलगी बघायला निघाल्यासारखं होतं. ज्याला त्याला मत असतं, आणि मत नसलेल्याला अनुभव.

रेनोने स्वतःची आणून दिली. तिची नळी, यंत्र, सगळं तिच्या प्लास्टिकच्या दस्त्यात मावतं आणि वर झाकण बसतं. "पाण्यात पडली तरी तरंगते, भावोजी!" वस्तू तरंगते म्हटल्यावर ती तरंगवून पाहणं हे खरेदीदाराचं कर्तव्यच. मी ती धक्क्यावरून सरोवरात सोडली. तरंगली. इतकी उत्तम तरंगली की वाऱ्यावर थेट निघाली, आणि मी होडी सोडेपर्यंत पाद्रीबाबांच्या बंगल्यासमोर पोचली. ते तिथे एका बाळाच्या बाप्तिस्म्याच्या पाहुण्यांना सरोवर दाखवत होते. विजारीतून पाणी निथळत असताना मी पाहुण्यांना अभिवादन केलं आणि माझी बंदूक मागून घेतली. त्यावर जास्त लिहीत नाही.

ट्रेझोनाबाईंनी घडीची सुचवली. त्यांच्या दिवंगत यजमानांची होती, छत्रीसारखी मिटणारी. मी ती उघडताना तिने माझं बोट आत घेऊन घडी केली. "ह्यांचंही असंच व्हायचं," बाई समाधानाने म्हणाल्या.

शेवटी मर्विनच्या दुकानात मला हवी ती भेटली. जुनी, लढाईच्याही आधीची, एका वेळी एकच गोळी घेणारी. खालचा स्क्रू फिरवला की नळी सुटते आणि दस्ता वेगळा होतो. मागचा बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलून तिच्यावर घाव घालणारा तो लोखंडी दांडा, ओढला की हातात येतो. आक्रोडाचं लाकूड, तेल पाजून गुळगुळीत केलेलं. नवीन मालासमोर ती म्हणजे सेल्समनांच्या घोळक्यात बसलेली एखादी कुलीन विधवा.

"एवढं सांभाळा," मर्विन म्हणाला. "हिचा बोल्ट हरवलात तर जगात दुसरा मिळायचा नाही. कारखाना कधीच बंद पडला. दुसरी हिच्यासारखी मी जन्मात पाहिली नाही."

मग कागद. मी नाव लिहिलं, ओन्नी सालमेला. मर्विनने गिऱ्हाइकाची चौकशी करायच्या सरकारी नंबरावर फोन लावला, नाव वाचून दाखवलं आणि बराच वेळ नुसता हुंकार देत राहिला. फोन ठेवून त्याने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"थांबा म्हणतायत. या नावाचा माणूस, याच गावचा, बेपत्ता आहे."

"तो मी नव्हे. मी इथे उभा आहे."

"ते मी सांगितलं. ते म्हणाले, बेपत्ता माणूसही कुठे ना कुठे उभा असतोच."

तो होता माझा काका. माझ्या जन्माआधी त्याच दलदलीत तित्तरं मारायला गेला आणि परतलाच नाही. प्रेत नाही, टोपी नाही, काही नाही. आमच्या फिनलंडहून आलेल्या लोकांत गेलेल्या माणसाचं नाव पुढच्या मुलाला ठेवायची रीत. तो गेला की नाही हे नक्की नसताना आईने नाव मात्र ठेवून टाकलं. विम्याच्या दृष्टीने बेपत्ता माणसाइतकी कटकटीची जात नाही. मेलेल्याचे पैसे देता येतात, जिवंताकडून हप्ता घेता येतो. बेपत्ताशी काय बोलणार? काही दिवस मी सरकारदरबारी माझ्या काकाच्या जागी हरवलेला होतो. माझ्या बायकोला एका बाईने फोनवर विचारलं, तुमच्या यजमानांना शेवटचं कधी पाहिलंत. लेम्पी म्हणाली, "आत्ताच. फ्रिजमधलं लोणी खात होते." त्यावर माझी सुटका झाली.

बंदूक घरी आली, आणि लेम्पीचा कायदा लागू झाला. बंदूक कपाटात राहील, बोल्ट तिच्याकडे. शिकारीला जाताना मागून घ्यायचा, आल्यावर हातात द्यायचा. बोल्ट ती कुठे ठेवते हे घरात सर्वांना ठाऊक होतं: कॉफीच्या डब्यात, पार तळाशी. आमच्या घरात कॉफीच्या डब्याला तिच्याशिवाय हात लावायची कोणाची छाती नाही. चर्चची घंटा चुकेल, पण लेम्पीची कॉफी चुकणार नाही.

"आणि त्या दिवशी तू माझ्या डब्यात हात घातलास?" टेबलावर लेम्पीने मला इथेच अडवलं.

"तू ट्रेझोनाबाईंकडे गेली होतीस. चमच्याने कॉफी बाजूला केली, बोल्ट काढला, कॉफी परत सारखी केली. एक दाणा सांडला नाही."

"तूच ना तो? चहात साखर घालतोस ती टेबलक्लॉथला जास्त लागते."

मी दुर्लक्ष केलं आणि पुढे निघालो. कथा सांगणाऱ्याने बायकोकडे बघू नये.

सकाळ धुक्याची होती. गाडी रस्त्याच्या कडेला ठेवली, शिकाऱ्याने घालायचा कायद्याचा भगभगीत नारिंगी कोट चढवला आणि दलदलीवरची फळ्यांची वाट धरली. पलीकडे देवदार आणि बर्चचं दाट रान. थोडं आत गेलो तोवर सगळं नेहमीसारखं: खारी शिव्या देत होत्या, कुठेतरी सुतारपक्षी ठोकत होता. मग एका पडलेल्या झाडाला वळसा घातला आणि सगळं थांबलं.

थांबलं म्हणजे काय ते सांगतो. आवाज कमी झाला नाही, नव्हताच. माझे बूट वाळल्या पानांवर पडत होते आणि पानं वाजत नव्हती. मी खोकलो. खोकल्याचा धक्का छातीला बसला, कानाला काही आलं नाही. धुकं हलत नव्हतं. आणि ते पडलेलं झाड माझ्या डावीकडे होतं, थोड्या वेळाने पुन्हा डावीकडे, पुन्हा डावीकडे.

माझी आई याला म्हणायची, रानाने पांघरूण घातलं. तुमच्याकडे चकवा म्हणतात तसलंच, पण चकवा माणसाला नुसता फिरवतो. हे झाकून टाकतं. शोधणारे दोन हातांवरून जातात, हाका मारतात, आणि झाकलेल्या माणसाला ओ देता येत नाही. सुटायचा उपायही आई सांगायची. कोट उलटा करून घालायचा. उजवा बूट डाव्या पायात, डावा उजव्या पायात. मग वाकून आपल्याच पायांमधून मागे बघायचं.

"सत्तरीच्या माणसाने?" ट्रेझोनाबाईंनी विचारलं.

"रान वय विचारत नाही, बाई."

पण उपायापूर्वी मी म्हटलं, आधी बंदूक तरी जोडू. हातात शस्त्र असलं की माणूस अंधश्रद्धा शांतपणे पाळू शकतो. ओंडक्यावर बसून पिशवी उघडली, नळी दस्त्यात बसवली आणि स्क्रू फिरवू लागलो. तेव्हा त्या ठार शांततेत मला एक आवाज ऐकू आला. चिर्र. चिर्र. मी थांबलो. आवाज चालूच. जवळच, धुक्यापलीकडे, आणखी कोणीतरी बंदूक जोडत होतं.

रेनोने इथे काटा खाली ठेवला.

तो एका बर्चच्या बुंध्याशी बसला होता. वाळलेला, माझ्यापेक्षा लहान, चाळिशीचा असेल. अंगात जाड लोकरी कोट, उलटा. शिवणी बाहेर, खिशांची अस्तरं कानांसारखी लोंबत होती. बूट उलटसुलट. मांडीवर माझ्या बंदुकीच्याच घडणीची बंदूक म्हणावं, तर तिचं लाकूड केव्हाच मऊ होऊन गेलं होतं, नळीत शेवाळ उगवलं होतं. स्क्रू फिरवतो आहे असा त्याचा हात नुसता हवेत फिरत होता, आणि तरी आवाज येत होता. त्याच्या डाव्या मुठीत काहीतरी होतं, फडक्यात गुंडाळलेलं. काय होतं ते मी विचारलं नाही.

"नाव काय तुझं, पोरा?" त्याने विचारलं. जुनी फिन्निश, माझ्या आईसारखी.

रानात कोणी विचारलं तर नाव सांगू नये हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण नाव विचारलं की कार्ड पुढे करायचं, ही माझ्या हाताची सवय. मी म्हणालो, "ओन्नी सालमेला."

तो हसला. "ते तर माझं."

घराण्यातली वडील व्यक्ती, भेट पहिलीच. मी टोपी काढली.

"काय म्हणतात गावात माझ्याबद्दल?"

"बेपत्ता, काका."

"मेलो म्हणत नाहीत?"

"कागदावर नाही."

त्याला हे ऐकून बरं वाटलं की वाईट, कळलं नाही. "मी कोट उलटा केला," तो म्हणाला. "सुटलो नाही. म्हटलं सुलटा करून बघू. मग पुन्हा उलटा. आता यातली बाहेरची बाजू कुठली तेच मला आठवत नाही." त्याने बाही माझ्यापुढे धरली. "तू सांग बघू."

मी खरंच पाहिलं. दोन्ही बाजू सारख्याच झिजल्या होत्या. आयुष्यात प्रथमच एका गिऱ्हाइकाला मी म्हणालो, माहीत नाही.

"थंडी वाजते रे," तो म्हणाला. "ओंडक्यांचा कॅम्प आहे का अजून, टेकडीमागे? रिन्ताला मंडळींचा? तिथे शेगडीजवळ कोण झोपतं?"

"मीच झोपतो."

"बरं," तो म्हणाला. एवढंच.

मग त्याने गोळी मागितली. बावीसची गोळी त्याच्या वेळी होती तशीच आजही आहे. जगात एवढी एकच गोष्ट बदललेली नाही. मी एक दिली. माणुसकी म्हणून, दुसरं काही नाही. त्याने ती अस्तराच्या खिशात टाकली. खिसा बाहेर लोंबत असल्यामुळे ती खाली पडायला हवी होती. पडली नाही.

तेवढ्यात तित्तर आलं. ओंडक्यावर उतरलं, मान ताठ, शेपटीचा पंखा उघडलेला. मी बोल्ट ओढला, गोळी सरकवली, नेम धरला आणि चाप ओढला. बंदुकीने खांद्याला धक्का दिला, पक्षी खाली पडला, डोक्यात गोळी. आवाज? नाही. टाचणी पडल्याइतकाही नाही. वळून पाहिलं तर बर्चच्या बुंध्याशी फक्त दबलेलं गवत आणि त्यावर रिकामं फडकं.

पुढचं झटपट सांगतो, कारण त्यात माझी शोभा नाही. कोट उलटा केला, बूट बदलले, वाकलो, पायांमधून पाहिलं. दोन टांगांच्या मधल्या फटीतून गाडीचा रस्ता दिसला, उलटा, वीस हातांवर. मी तसाच, मागे मागे सरकत, बाहेर आलो. गुडघ्यांनी त्यानंतर माझ्याशी बोलणं टाकलं आहे.

रस्त्यावर वनखात्याचा अधिकारी उभा होता. तरणाबांड, नव्या इस्त्रीचा. त्याने माझा पार्श्वभाग येताना पाहिला आणि मग बाकीचा मी.

"नारिंगी कोट कुठे आहे?"

"अंगातच आहे. आतून."

"आतून का?"

"बाहेर पडण्यासाठी."

त्याने दंड ठोकला. पावतीवर कारण लिहायला त्याला बराच वेळ लागला. मग त्याने बंदूक तपासायला घेतली, बोल्ट ओढून पाहिला, निघेना. "आजोबा, हा गंजलाय की. तेल घालत जा." मी म्हटलं, दलदलीची हवा. इतक्यात रानातून गोळीचा आवाज आला. एकच, लहानसा, बावीसचा. अधिकारी दचकून वळला. बंदूक त्याच्या हातात होती, तित्तर माझ्या पिशवीत केव्हाच थंड झालं होतं.

"कोण आहे आत तुमच्याबरोबर?"

"कोणी नाही."

त्याने माझ्या बुटांकडे पाहिलं, मग फळ्यांच्या वाटेवरच्या चिखलाकडे. उलट्या बुटांचे माग दोन माणसांचे होते. एक माझ्या गाडीपर्यंत आलेला. दुसरा गाडीच्या पलीकडून टेकडीकडे, कॅम्पच्या बाजूला, गेलेला. अधिकारी आपल्या गाडीत बसला आणि दिवे लावून निघून गेला. दुपारी बाराचा सुमार होता.

झालं माझं सांगून. ताटल्यांत हाडं उरली होती. बंदूक मी दाराशी टेकवून ठेवली होती, जोडलेली, बोल्टसकट. लेम्पीने आल्या आल्या बोल्ट मागितला होता आणि मी तिला खरं तेच सांगितलं होतं: गंजाने अडकलाय, तेल सोडलंय, उद्या निघेल.

रेनोने घसा साफ केला. तो माझ्या बाजूने कधी बोलत नाही, म्हणून हे नोंदवतो. "भावोजी," तो म्हणाला, "भुताखेताचं सोडा. ते तुम्ही रंगवणारच. पण तित्तर खाल्लं, डोक्यात गोळी मी स्वतः पाहिली. एकट्याने गेलात, कोणाची मदत नाही, आपल्या हाताने मारलंत. बिछाना तुमचा. मरेपर्यंत." त्याने हात पुढे केला, मी तो धरला. ट्रेझोनाबाईंनी डोळे पुसले आणि जरा कॉफी मिळाली तर बरं होईल म्हणाल्या.

लेम्पी आत गेली. केटलीचा आवाज आला, मग डबा उघडल्याचा, मग चमचा खरवडल्याचा. आठवडाभरात डबा तळाला गेला होता. मग चमचा कशाला तरी लागून वाजला, आणि आत सगळं शांत झालं. रेनोचा हात अजून माझ्या हातात होता.

ती डबा घेऊनच बाहेर आली. तिने तो टेबलावर उपडा केला. कॉफीच्या भुकटीतून एक चकचकीत, तेल पाजलेला लोखंडी दांडा घरंगळत माझ्या ताटलीपर्यंत आला.

"खोटारड्या," लेम्पी म्हणाली, पण माझ्याकडे नव्हे, दाराशी टेकलेल्या बंदुकीकडे बघत. "तुझा बोल्ट तू घरीच विसरला होतास. मग तिच्यात बसलाय तो कुणाचा आहे, ओन्नी? आणि त्याच्या बदल्यात तू काय देऊन आलास?"